सरकून राहिली

खोदकामाची मला कधी भीती वाटली नाही. मशीन जमिनीवर असतं, चुकलं तर फार तर खड्डा वाकडा होतो, आणि वाकडा खड्डा सरळ करता येतो. भीती वाटायची ती मशीन ट्रेलरवर चढवण्याची. दोन सुट्या लोखंडी फळ्या ट्रेलरच्या मागं टेकवलेल्या, त्यांची रुंदी मशीनच्या पट्ट्यापेक्षा जेमतेम चार बोटं जास्त. आणि चढताना मधेच एक जागा येते, तिथं समोर नुसतं आभाळ दिसतं. ट्रेलर दिसत नाही, फळ्या दिसत नाहीत, आपण कशाच्या आधारावर बसलोय ते कळत नाही. त्या आभाळाची मला भीती वाटायची.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. आठवीत गणितानं मला सोडलं की मी गणिताला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. शाळा सुटल्यावर एका ठेकेदाराकडं मशिनी पुसायला लागलो आणि पुसता पुसता चालवायला शिकलो. त्याच्याकडं एक छोटं पोकलेन होतं. मोठं पोकलेन हत्तीएवढं असतं, हे म्हशीएवढं. रबरी पट्ट्यांवर चालणारं, पुढच्या हाताला माती उचलायची बादली असलेलं, अरुंद चरात, विहिरीच्या काठाला, घराच्या परड्यात जाणारं. दोन हजार दहाच्या मागंपुढं ठेकेदारानं ते गोंदियाच्या एका शेठला विकलं आणि मशीनपाठोपाठ मला रेल्वेनं पाठवलं. म्हणाला, "आठ-दहा दिवस थांब, त्यांच्या माणसाला शिकव आणि ये."

नागपूर आलं तेव्हा मला वाटलं, आलो. तर नागपूरनंतरही गाडी पळतच होती. गोंदियाला उतरलो तर स्टेशनाबाहेर रिक्षावाला हिंदीत, चहावाला हिंदीत, आणि खुद्द शेठही हिंदीत. आपण महाराष्ट्रातच आहोत ना, हे मी एका दुकानाच्या पाटीवर वाचून खात्री करून घेतलं.

शेठचा जो माणूस शिकायचा होता त्याला तेवढ्यात भाताच्या गिरणीत कायमचं काम लागलं, तो आलाच नाही. शेठ म्हणाले, "तू ही चला ले, देखते हैं." त्या 'देखते हैं'वर मी अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात जाऊन पडलो. तिथं एक बोडी खोल करायची होती. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. आमच्याकडं एवढ्या पाण्याला धरण म्हटलं असतं आणि उद्घाटनाला मंत्री आणला असता. इथं प्रत्येकाच्या शेताला एक बोडी, आणि कुणाला तिचं काही वाटतही नव्हतं.

त्या गावात मला दोन माणसं भेटली, म्हणून मी टिकलो. पहिले काका. ट्रॅक्टर त्यांचा, शेठचा ट्रेलर ओढायचं काम त्यांच्याकडं. पोवार समाजाचे, बरी शेती असलेले. "आमचे पूर्वज माळव्यातून आले," असं ते कुणालाही सांगायचे, आणि अशा सुरात सांगायचे की परवाच्याच गाडीनं उतरले असावेत. दुसरी मावशी. बोडीच्या काठावर माती उचलणाऱ्या बायकांची ती मुकादम. बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहायची. तिच्याच ओळखीनं मला विहाराशेजारी एक खोली मिळाली आणि जेवण तिच्या घरी. भात, लाखोरीची डाळ आणि वर रोज एखादा टोमणा.

दोघंही मला 'पुनेवाला' म्हणायचे. मी सांगायचो, काका, मी पुण्याचा नाही, पुणं मी फक्त एसटी स्टँडातून बघितलंय. काका म्हणायचे, "नागपूरच्या पलीकडे सगळं पुनेच आहे गा."

भाषेचं तर रोजचं होतं. पहिल्याच आठवड्यात मावशीनं विचारलं, जेवत का नाहीस नीट? मी खरं ते सांगितलं, "नवीन गाव आहे मावशी, जरा भेदरलोय." ती भाकरीसारखं तोंड करून माझ्याकडं बघत राहिली. मग आत वळून सुनेला म्हणाली, "आयक वो, हा टमाटर झाला म्हनते." त्यांच्याकडं टोमॅटोला भेदरं म्हणतात. त्या दिवसापासून माझा चेहरा जरा उतरला की ती म्हणायची, "आज पुन्हा भेदरं पिकलं वाटते." हसता हसता माझी भीती जायची. माझं घर शेकडो कोसांवर आहे असं मला वाटायचं ते तिच्या चुलीपुढं वाटायचं नाही. त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, तिथं आभार मानले तर लोक रागावतात. इथं लिहून ठेवतो.

बोडीचं काम संपत आलं त्या दिवशी दुपारी शेठचा फोन आला. इटियाडोह धरणाच्या एका वितरिकेत, म्हणजे मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटात, गाळ साचला होता. उन्हाळी धानासाठी, म्हणजे भातासाठी, पाणी सुटायच्या आत तो काढायचा होता.

"कल शाम तक मशीन नहर पे चाहिए," शेठ म्हणाले. "चढा लेगा ना? नहीं होता तो अभी बोल. रायपुर से ऑपरेटर बुला लेता हूँ, तू अपने घर का टिकट निकाल ले."

आवाजात राग नव्हता. पावसाचा अंदाज सांगावा तसं ते बोलत होते. मी म्हणालो, चढवतो. पण मी आजवर मशीन एकट्यानं चढवलंच नव्हतं. साताऱ्याला ते काम जुना ऑपरेटर करायचा, मी खाली साखळी धरून उभा. गोंदियात आणि मग बोडीवर चढवलं-उतरवलं तेही ट्रकबरोबरच्या माणसांनी.

घरी जायला माझी हरकत नव्हती. कुणाला असेल? पण घरी मी 'आठवी नापास' होतो. माझ्या नावाआधी ते लागायचं, जसं काहींच्या नावाआधी डॉक्टर लागतं. इथं बायका मला विचारायच्या, "ऑपरेटर, माती कुठे टाकू?" आणि मी सांगेन तिथं टाकायच्या. आईनं आमच्या आळीत सांगून टाकलं होतं की पोरगा ऑपरेटर आहे. ती खुर्ची गेली असती तर आईला ते शब्द एकेका घरातून परत गोळा करावे लागले असते.

काकांना ही बातमी सांगितली तर ते वेगळ्याच कारणानं गंभीर झाले. त्यांचं शेत त्याच वितरिकेच्या पार शेवटी होतं. गाळामुळं मागच्या हंगामात पाणी तिथवर पोचलंच नव्हतं.

"म्हणजे पाय, माझा उन्हाळी धान आता तुझ्या बादलीत आहे," ते म्हणाले. त्यांचं 'पाय' म्हणजे आपलं 'बघ'. "आता भेदरं नको होऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ट्रेलर बोडीच्या काठाशी आणला. मशीन तिथंच उभं होतं, मग लांब कशाला जायचं, असा साधा विचार. काठाची माती ओली होती. फळ्यांची खालची टोकं तिच्यात रुतायला लागली. काकांनी बघितलं, "थांब," म्हणाले, आणि शेजारच्या गंजीतून दोन कवळे तणस आणून फळ्यांखाली पसरलं. तणस म्हणजे भाताचा वाळला पेंढा. त्या मुलखात चिखलात बंडी, म्हणजे बैलगाडी, रुतली की चाकाखाली तणस घालतात आणि बंडी निघते. त्यांच्या आज्यानं तेच केलं, बापानं तेच केलं. मी कडबा बघितलेला माणूस, तणसाबद्दल मी काय बोलणार? मला उलट बरं वाटलं, की चला, जाणकार माणूस सोबत आहे.

बाकीचं मी माझ्या घाबरटपणानं सगळं केलं. ट्रॅक्टरचा हँडब्रेक बघितला, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, फळीच्या वरच्या टोकाचे आकडे ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीत नीट बसलेत का ते हातानं हलवून बघितलं. मग परत बघितलं. मावशी काठावरून म्हणाली, "पाहून राहिला की पूजा करून राहिला?"

काका ट्रॅक्टरवर ब्रेक दाबून बसले. मला मागचं सांगायला माणूस हवा होता. मावशी म्हणाली मी सांगते, आणि मशीनच्या मागं डाव्या अंगाला, चांगल्या अंतरावर जाऊन उभी राहिली. मला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येणार होती. पट्टा कमरेला बांधला, बादली समोर खाली धरली, आणि सावकाश निघालो.

निम्म्यापर्यंत ठीक. मग ते आभाळ आलं. त्याच वेळी मागून मावशीचा आवाज आला.

"बाबू, फळी सरकून राहिली. डावी फळी सरकून राहिली गा."

आता हे मला नीट सांगितलं पाहिजे. आमच्याकडं 'मामा मुंबईला जाऊन राहिला' म्हणजे मामा गेला आणि तिथंच स्थिरावला. त्यांच्याकडं 'मामा जाऊन राहिला' म्हणजे मामा आत्ता रस्त्यात चालतोय. मला हे माहीत होतं. महिनाभर मी ते ऐकत होतो, 'काय करून राहिला' म्हटलं की 'जेवतोय' असं बरोबर उत्तर देत होतो. पण भीतीत माणसाचा कान आपल्या गावाला परत जातो. इंजिनच्या आवाजात, आभाळाकडं तोंड करून बसलेल्या मला ऐकू आलं ते असं: फळी जराशी सरकली, आणि राहिली. थांबली. बसली जागेवर.

मी मनात म्हटलं, बरं झालं मावशीनं सांगितलं. आणि लिव्हर आणखी पुढं दाबला.

"अगा, सरकून राहिली म्हनते ना मी."

हो मावशी, कळलं, राहिली. मी चढतच होतो. बुडाखाली डावीकडं काहीतरी मऊ होत असल्यासारखं वाटलं, जशी झोपाळ्याची एक दोरी ढिली व्हावी.

"बयताडा, थांब."

बयताड हा शब्द मला पक्का माहीत होता. वेडा म्हणायला तो वापरतात, आणि तो माझ्यासाठी रोज वापरला जात होता. मी लिव्हर सोडला. हात आपोआप बादलीकडं गेला, बादली ट्रेलरच्या लाकडी तळावर टेकवली आणि दाबून धरली. मशीन तिथंच, फळ्यांवर तिरकं, गप बसलं.

काका ट्रॅक्टरवरून ओरडले, "काय झालं?" आणि उतरायला लागले.

"तुम्ही ब्रेकावरून हालू नका," मावशी म्हणाली. आणि दोन बायका फळी धरायला म्हणून पुढं धावल्या त्यांना तिनं असं झापलं की त्या जागच्या जागी खाली बसल्या. "कोनी जवळ जाऊ नका. पुनेवाल्या, आला तसाच सरळ मागं ये. आंगाला वळवू नको."

मी बादलीनं तळाला रेटा देत, बोटभर बोटभर मागं आलो. जमीन लागली तेव्हा इंजिन बंद केलं आणि बराच वेळ पट्टाच सोडला नाही. उतरून बघतो तर डाव्या फळीचं खालचं टोक तणसावरून बाहेरच्या बाजूला घसरत गेलं होतं, आणि वरचा आकडा पट्टीवरून तेवढाच सरकत काठाशी आला होता. आणखी थोडं गेलो असतो तर डावा पट्टा हवेत होता. मग मशीन बोडीत, आणि मी मशीनबरोबर.

मावशी कमरेवर हात ठेवून समोर आली. "काऊन रे, कान आहेत का नाई? मी इतकी सांगून राहिली होती, तू काऊन थांबला नाई?"

"तुम्हीच म्हणालात राहिली."

"हाव. सरकून राहिली."

"राहिली म्हणजे थांबली ना मावशी."

"थांबली असती त थांबली म्हटलं असतं. सरकून राहिली म्हटलं."

"आमच्यात राहिली म्हणजे राहिली."

ती माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. मागं काका ट्रॅक्टरचं चाक धरून हळूहळू खाली बसले. मला वाटलं त्यांना काही झालं. ते हसत होते. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"म्हणजे पाय," शेवटी त्यांना बोलता आलं, "इतके दिवस मी याले म्हणून राहिलो, शेठ येऊन राहिले, शेठ येऊन राहिले. आन हा समजला असंल शेठ येऊन मुक्कामालाच राहिले."

मग बायकाही सुटल्या. मावशी हसली नाही लगेच. तिनं विचारलं, "मंग तुमच्याकडे फळी सरकून राहिली त काय म्हनतेत?"

"सरकतीया म्हणत्यात," मी म्हणालो. इतक्या दिवसांनी स्वतःच्या तोंडून गावचा शब्द ऐकला.

"सरकतीया," ती म्हणाली. मग तोंडाला पदर लावला आणि जी हसायला लागली ती काठावर बसलीच. एकेक बाई 'सरकतीया' म्हणून बघायची आणि पुढचीला कोपर मारायची. मीही हसलो.

हसणं संपल्यावर काकांनी तणसाकडं बघितलं. पायानं थोडं बाजूला केलं. "बंडीच्या चाकाखाली बरोबर आहे," ते म्हणाले, "चाक त्याले दाबून बसते. लोखंड वरून घसरते." एवढंच. मग मला म्हणाले, "आता शेठला फोन लावतो का? रायपूरवाल्याला बोलावून घ्या म्हणावं."

मी फोन हातात घेतला. खरं तर मला तेच करावंसं वाटत होतं. समोर फळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मावशी उठली, लुगडं झटकलं. "रायपूरवाल्याला कायले बोलावता? तो तर हिंदीत बोलंल. त्याले सरकतीया पन नाई समजत अन् सरकून राहिली पन नाई समजत. हा तरी अर्धा समजते."

हे माझं प्रशस्तिपत्र. आजवर मिळालेलं पहिलं आणि, आठवी धरून, एकुलतं एक.

मग आम्ही सुरुवातीपासून केलं. बोडीचा काठ सोडला. गावाच्या वेशीला रस्त्याकडेला मुरमाची कडक, सपाट जागा होती, धानाचे ट्रक तिथं उभे राहायचे. ट्रॅक्टर-ट्रेलर तिथं नेला, मशीन मी चालवत नेलं. काकांनी घरून लाकडाचे दोन जाड ओंडके आणले. ते ट्रेलरच्या शेपटीखाली घट्ट बसवले. वजन मागं आलं की शेपूट दबते, पुढचा भाग उचलतो आणि ट्रॅक्टरची जोडणीच वर ओढली जाते, हे मी साताऱ्याला बघितलं होतं पण सकाळच्या घाईत विसरलो होतो. फळ्या झाडून कोरड्या केल्या. मशीनच्या पट्ट्यांतला चिखल बायकांनी खुरप्यांनी खरडून काढला. आणि वरचे आकडे साखळीनं पट्टीला आवळून टाकले, म्हणजे त्यांना इकडं तिकडं जायची सोयच उरली नाही.

राहिला प्रश्न बोलण्याचा. मावशी म्हणाली, "बोलनंच नको. मी आता समोर उभी राहते, ट्रेलरच्या बाजूनं, तुले दिसंन तिथं. हात हलवला तर ये. मूठ बंद केली तर थांब. अन् तू आभाळाकडे पाहत बसला, हात दिसला नाई, तर हे." तिनं एक घमेलं उचललं आणि दगडानं त्यावर ठण् केलं. "हे वाजलं की जिथं आहे तिथं. हे तुमच्या पुन्यातही ठणच वाजत असंल."

बायका माती टाकायच्या रांगेत असताना ती असंच करायची. घमेलं वाजलं की सगळी रांग जागच्या जागी. मी ते रोज बघत होतो.

बसलो. पट्टा बांधला. बायका रस्त्याच्या पलीकडच्या बांधावर ओळीनं बसल्या, जणू पडदा वर जायचा होता.

"पुनेवाला चढून राहिला," एक म्हणाली.

"चढून राहिला का चढून थांबला, ते नीट सांग बाई," दुसरी म्हणाली.

फळ्यांवर पट्टे चढले. मावशीचा हात हलत होता, अगदी सावकाश, भाताच्या शितावरची माशी हाकलावी तसा. मी त्या हाताकडं बघत होतो. समोर आभाळ आलं. पण आता आभाळाच्या खालच्या कोपऱ्यात तो हात होता, बांगड्यांसकट, आणि तो हलत होता. मी येत होतो. मशीनचं तोंड पूर्ण वर, आता पुढं झुकायचं, तोच नेमका क्षण.

ठण्.

मी जिथं होतो तिथं. श्वाससुद्धा थांबवला. बादली खाली टेकवली. हाताकडं बघतो तर मावशीनं मूठ बंद केली नव्हती. ती मान वळवून बांधाकडं बघत होती.

"कोनं वाजवलं?"

बांधावरून एका बाईचा बारीक आवाज. "मी त घमेल्यातली वाळली माती झाडून राहिली होती."

"झाडून राहिली," मावशी म्हणाली. "त्याचा जीव तिथं टांगून राहिला अन् हे झाडून राहिली. ठेव ते खाली."

मी वर बसून हसायला लागलो. मशीन फळ्यांच्या माथ्यावर, मी आत, समोर आभाळ, आणि मला हसू आवरेना. तेव्हा कळलं की भीती कधी उतरून गेली ते मला समजलंच नव्हतं. मावशीनं परत हात हलवला. बादलीवर थोडा भार देत पुढं सरकलो, मशीन झुकलं आणि तळावर अलगद बसलं, पाळण्यातलं मूल खाली ठेवावं तसं. ट्रेलरच्या आसाच्या जरा पुढं नेऊन थांबवलं, बादली टेकवली, इंजिन बंद केलं. उतरून चारी कोपऱ्यांना साखळ्या टाकल्या, आवळल्या, परत आवळल्या. या वेळी पूजा म्हणून कुणी चिडवलं नाही.

बायका कालव्याच्या कामालाही येणार होत्या, त्या मावशीसकट एसटीनं गेल्या. मी काकांच्या शेजारी बसलो आणि सगळा रस्ता मागं तोंड करून होतो. पहिल्या वळणानंतर मी म्हटलं, काका, जरा थांबा, साखळ्या बघतो. एक ढिली झाली होती, ती आवळली. पुढच्या गावात परत म्हटलं थांबा.

"काऊन, पळून राहिली का ती?" काका म्हणाले. पण थांबले. त्यांचाही धान त्या ट्रेलरवर होता.

ऊन कलायच्या आत आम्ही पाटावर पोचलो. मशीन उतरवलं, तेही मावशीच्या हाताकडं बघत. काकांनी शेठला फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत होतं.

"चढ़ गई?"

"चढली बी आन उतरली बी."

"लडके ने चढाई?"

"मग काय मी चढवली का?"

मग शेठ म्हणाले, "ठीक है, रायपुर वाले को मना कर देता हूँ. उससे बोलो, नहर के बाद का काम भी वही देखेगा." आणि फोन बंद. एवढ्यावर माझा निकाल लागला. काकांनी फोन खिशात घातला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चला, टिकिटाचे पैसे वाचले."

गाळ वेळेत निघाला. पाणी सुटलं तेव्हा मी दुसऱ्या कामावर होतो. काकांनी बांधावरून फोन केला आणि काही न बोलता फोन पाटाजवळ धरला. मला नुसता खळखळ आवाज ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "आयकलं का? येऊन राहिलं." मी म्हटलं, येऊन राहिलं म्हणजे कुठलं काका, तुमचं का माझं? म्हणाले, "दोन्ही."

आठ-दहा दिवसांसाठी गेलेला मी पुढं बरीच वर्षं तिथं होतो. पोकलेन बदललं, ट्रेलर बदलला, त्याच्या फळ्या आता ट्रेलरलाच जोडलेल्या आल्या. पण मशीन चढवताना समोर कुणीतरी घमेलं घेऊन उभं असल्याशिवाय मी कधी चढलो नाही. नवीन माणसं हसायची. मी सांगायचो, वाजवून तर बघा.

त्या पहिल्याच वर्षी दिवाळीच्या आधी आईचा फोन आला. कधी येतोस, म्हणाली. मी बाजारात होतो, गडबड होती, तोंडात त्या दिवसांत जे बसलं होतं तेच आलं. म्हटलं, "आई, दिवाळीला येऊन राहिलो."

मग आईचा आवाज, वेगळाच, जरा ओला.

"येऊन राहिलास? म्हणजे कायमचा? काम सुटलं का रं?"

"नाही गं. सुटलं नाही. राहत नाही मी. येतोय. येणार, चार दिवस थांबणार आणि परत कामावर."

आईनं हे दोन्ही ऐकून घेतलं, माझं येणंही आणि माझं न राहणंही.

"मग येतूया म्हण की सरळ," ती म्हणाली. "जीव घाबरवलास."